मेनफ्रेमवर लिनक्स : हार्ड डिस्क ताब्यात घेण्याची रीत

१ डिसेंबर २०१६ या दिवशी आपले धसई गाव महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. बँक ऑफ बडोदाने येथील दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली. आजूबाजूच्या गावांतून व पाड्यांवरून बाजाराला येणाऱ्या कित्येकांनी आयुष्यात प्रथमच खिशातील नोटेला हात न लावता मीठ-मिरची विकत घेतली. पुढे नोटा आल्या आणि रोखीचे व्यवहारही पुन्हा सुरू झाले. परंतु त्या दिवसांत बँकेतील माणूस म्हणून आम्हांला अनेकांनी एकच प्रश्न विचारला. कार्ड घासले, चिठ्ठी बाहेर आली, पण आमचे पैसे गेले-आले हे लिहिले कुठे?

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही एका वाक्यात देता येते. ते कुठल्या तरी संगणकाच्या हार्ड डिस्कवर लिहिले जाते. मात्र ही डिस्क आपल्या घरच्या संगणकातील डिस्कसारखी नसते. आपल्याकडील बऱ्याच बँकांचे काम युनिक्स किंवा लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर होते. जगातील अनेक मोठ्या बँका आणि व्हिसासारख्या कार्ड कंपन्या यांचे हिशेब मात्र मेनफ्रेम नावाच्या संगणकावर चालतात. या मेनफ्रेमवर गेली पंचवीसएक वर्षे लिनक्सदेखील चालवता येते. ते बसवताना सर्वांत जबाबदारीचे काम कोणते असेल, तर हार्ड डिस्कची मांडणी करण्याचे. प्रस्तुत लेखात हे काम काय असते, ते कोणत्या क्रमाने करतात आणि त्यात कुठे जपावे लागते, हे सांगण्याचा प्रयत्न आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, अभियंते नव्हे. म्हणूनच हा विषय मुद्दाम निवडला. ज्याला सातबारा वाचता येतो आणि बँकेचे लेजर कळते, त्याला ही गोष्टही कळू शकते अशी आमची खात्री आहे.

मेनफ्रेम म्हणजे काय?

मेनफ्रेम म्हणजे नुसता आकाराने मोठा संगणक नव्हे. एकाच वेळी हजारो लोकांचे व्यवहार न थांबता आणि न चुकता नोंदवता यावेत यासाठी बांधलेला तो संगणक असतो. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम ३६०' ही मालिका जाहीर केली. मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही चालला पाहिजे, हे तिचे सूत्र होते. पुढे १९७० मध्ये 'सिस्टिम ३७०', १९९० मध्ये 'सिस्टिम ३९०' आणि २००० पासून 'झेड' मालिका आली. नावे बदलली तरी घराणे एकच राहिले. आजोबांच्या काळात लिहिलेला प्रोग्रॅम नातवाच्या यंत्रावर चालतो, ही या घराण्याची खासियत आहे.

मोठ्या संगणकांशी मुंबईचा संबंध जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतात बांधलेला संगणक सुरू झाला आणि १९६४ साली तेथे सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. आयबीएमने १९७८ साली भारतातील गाशा गुंडाळला, तो १९९२ साली टाटांबरोबर भागीदारी करून पुन्हा उघडला. बँकांमध्ये संगणक सावकाश आला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा आहे. त्यानंतर शाखांमधून लेजर पोस्टिंग मशिने आली आणि हाताने लिहावयाची जाडजूड लेजरे हळूहळू कपाटात गेली. २००० साल जवळ आले तेव्हा जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिले असल्याची अडचण जगभर उभी राहिली. ती दुरुस्त करण्यासाठी भारतातून जे हजारो तरुण कामाला लागले, त्यांत आपले मराठी तरुणही पुष्कळ होते. त्यांतील बहुतेक काम मेनफ्रेमवरचेच होते.

मेनफ्रेमची आणखी एक गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. एक मोठा वाडा असावा आणि त्यात स्वतंत्र दारे असलेली बिऱ्हाडे राहावीत, तशी एका मेनफ्रेममध्ये अनेक स्वतंत्र यंत्रणा राहतात. यंत्राचेच जे मोठे भाग पाडतात त्यांना एलपार म्हणतात. त्यांपैकी एखाद्या भागात झेड-व्हीएम नावाची प्रणाली चालवली, तर तिच्या आश्रयाने शेकडो आभासी संगणक नांदू शकतात. या आभासी संगणकांना तेथे 'गेस्ट', म्हणजे पाहुणे म्हणतात. आपण बसवणार ते लिनक्स बहुधा अशा बिऱ्हाडांपैकी एक असते. शेजारच्या बिऱ्हाडात कदाचित एखाद्या बँकेचे खातेवहीचे काम चालू असते. पुढील सारी खबरदारी या शेजारासाठी आहे.

लिनक्स तेथे कसे आले?

लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने केली. त्याने आपल्या साध्या घरगुती संगणकासाठी ते लिहिले आणि त्याची मूळ संहिता सर्वांना खुली केली. कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. ही संहिता खुली होती म्हणूनच ती इतर जातीच्या संगणकांवर नेता आली. आयबीएमच्या जर्मनीतील बोब्लिंगेन येथील प्रयोगशाळेतील मंडळींनी ती सिस्टिम ३९० वर चालवून दाखवली आणि डिसेंबर १९९९ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. २००० साली सुसे या कंपनीने मेनफ्रेमसाठी लिनक्सची पहिली व्यापारी आवृत्ती आणली. आज रेड हॅट, सुसे, उबुंटू आणि डेबियन या सर्वांच्या मेनफ्रेमवर चालणाऱ्या आवृत्त्या मिळतात.

विद्यार्थ्याच्या टेबलावर जन्मलेली प्रणाली बँकांच्या तळघरातील यंत्रापर्यंत अवघ्या आठ-नऊ वर्षांत पोहोचली. ज्ञान कुलुपात ठेवले नाही तर ते किती लांब जाते, याचे हे एक उदाहरण होय.

डास्डी : मेनफ्रेमची डिस्क

घरचा संगणक विकत घेतला की त्यात एक डिस्क आतच बसवलेली असते. लिनक्स बसवताना ती आपोआप दिसते आणि ती आपलीच असते. मेनफ्रेममध्ये डिस्क यंत्राच्या आत नसते. ती निराळ्या कपाटात असते, तारांनी जोडलेली असते आणि तिच्यावर अनेकांचा हक्क असू शकतो. तिला तेथे डीएएसडी म्हणतात, बोलण्यात 'डास्डी'. हव्या त्या जागी थेट जाऊन वाचता-लिहिता येणारे साठवणीचे साधन, असा त्याचा अर्थ.

जगातील पहिली अशी डिस्क आयबीएमने १९५६ साली विक्रीला आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे साठवत. आज त्या आकाराच्या कपाटात मावणारी माहिती मोजण्यास आपल्या परिचयाचे आकडे पुरत नाहीत. परंतु त्या वेळी पडलेली भाषा अजून चालते. तबकडीवरील एका गोल चाकोरीला ट्रॅक म्हणतात. एकाखाली एक असलेल्या सर्व तबकड्यांवरील त्याच अंतरावरच्या ट्रॅकांचा मिळून एक सिलिंडर होतो. १९८९ साली आलेल्या '३३९०' या डिस्कचे माप तर आजही प्रमाण मानतात. प्रत्यक्षात आजच्या कपाटात वेगळीच साधने असतात. तरी ती बाहेरच्या जगाला 'आम्ही ३३९० आहोत' असेच सांगतात, जसे घरात लिटरचे माप असले तरी बाजारात पायलीनेच बोलावे.

३३९० च्या 'मॉडेल ३' या मापात ३,३३९ सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरात १५ ट्रॅक, म्हणजे एकंदर ५०,०८५ ट्रॅक. एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट, म्हणजे ढोबळ भाषेत तितकी रोमन अक्षरे मावतात. गुणाकार केला तर सुमारे २८३ कोटी ८० लाख बाइट होतात. हा आकडा कागदावरचा आहे. लिनक्सच्या हाती प्रत्यक्षात यापेक्षा कमी येते. का, ते पुढे पाहू.

तयारी : कार्डांचा गठ्ठा

मेनफ्रेमला सीडी किंवा पेन ड्राइव्ह लावून लिनक्स बसवण्याची रीत सर्वसाधारण नाही. झेड-व्हीएमच्या पाहुण्याला लिनक्स सुरू करून देण्याची रूढ पद्धत मोठी गमतीची आहे. लिनक्सचा गाभा, त्याला द्यावयाच्या सूचनांची एक छोटी फाइल आणि बसवण्याची आरंभीची सामग्री अशा तीन गोष्टी एका कार्ड-रीडरमध्ये पाठवतात. पूर्वी भोके पाडलेल्या ८० रकान्यांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर प्रोग्रॅम लिहीत आणि गठ्ठा यंत्राच्या तोंडात ठेवीत. आता ना पुठ्ठा आहे ना भोके, परंतु यंत्राच्या समजुतीत ती कार्डेच आहेत. मग 'त्या रीडरवरून सुरू हो' अशी आज्ञा देतात. याला तेथे आयपीएल म्हणतात. क्रिकेटशी त्याचा संबंध नाही. आरंभीचा प्रोग्रॅम चढवणे एवढाच त्याचा अर्थ.

एवढे झाले की लिनक्स स्मृतीत जागे होते. पण त्याला अजून राहावयास घर नाही. ते घर म्हणजे डिस्क.

मांडणीच्या सहा पायऱ्या

या पायऱ्या समजण्यासाठी आपण जमिनीचे उदाहरण घेऊ. जमीन खरेदी केली म्हणजे लगेच पेरणी होत नाही. गट नंबर पाहावा लागतो, ताबा घ्यावा लागतो, मोजणी करून बांध घालावे लागतात, पोटहिस्से पाडावे लागतात, आणि शेवटी दप्तरी नोंद झाली तरच पुढच्या पिढीला ती आपली म्हणून दिसते. डिस्कचे अगदी तसेच आहे. खाली आलेल्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

पहिली पायरी : नंबर पाहणे. मेनफ्रेमच्या प्रत्येक उपकरणाला चार स्थानांचा नंबर असतो. लिनक्समध्ये तो ०.०.०२०० असा लिहिलेला दिसतो. शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. ही दोनशे संख्या नव्हे. हा नंबर सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरेही त्यात येतात. आपल्याला कोणते नंबर दिले आहेत, हे मेनफ्रेमचा प्रशासक लेखी देतो. ते नसल्यास पुढे जाऊ नये. पाहुण्याला दिसणारे नंबर त्याच्यापुरते असतात. परंतु थेट एलपारमध्ये लिनक्स बसवत असलो तर यंत्राला जोडलेल्या शेकडो डिस्क नजरेस पडू शकतात, आणि त्यांत शेजाऱ्यांच्याही असतात. त्यामुळे बसवणीच्या वेळी 'सगळ्यांकडे दुर्लक्ष कर, एवढ्याच उपकरणांकडे पाहा' अशी यादी लिनक्सला देण्याची सोय आहे. तिचे नाव सीआयओ-इग्नोर.

दुसरी पायरी : ताबा घेणे. डिस्क जोडलेली आहे एवढ्याने लिनक्स तिला हात लावत नाही. तिला 'ऑनलाइन' करावे लागते. त्यासाठी सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्ह ही आज्ञा आहे, परंतु तिने घेतलेला ताबा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. नव्या आवृत्त्यांतील सीएच-झेड-डेव्ह ही आज्ञा ताबाही घेते आणि तो कायम राहावा अशी नोंदही करते. ताबा मिळाला की डिस्कला डास्डा, डास्डबी अशी नावे मिळतात. एलएस-डास्ड ही आज्ञा दिली की कोणत्या नंबरची डिस्क कोणत्या नावाने आली याचा तक्ता समोर येतो. हा तक्ता वाचावयाची सवय विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

तिसरी पायरी : बांध घालणे. याला लो-लेव्हल फॉरमॅट म्हणतात आणि त्याची आज्ञा डास्ड-एफएमटी. घरच्या डिस्कला हे काम आपण कधीच करत नाही, कारखान्यातच झालेले असते. येथे ते आपण करावयाचे. ट्रॅकवर किती आकाराचे खंड, म्हणजे ब्लॉक, पाडावयाचे हे याच वेळी ठरते. आपल्याकडील भातखाचरांचा विचार करा. एकाच शेतात लहान-लहान खाचरे पाडली तर बांध वाढतात आणि बांधाखाली गेलेल्या जागेत भात येत नाही. ट्रॅकवरही दोन ब्लॉकांमध्ये असे बांध लागतात. ५१२ बाइटचे ब्लॉक पाडले तर एका ट्रॅकवर ४९ मावतात, म्हणजे फक्त २५,०८८ बाइट उपयोगी पडतात. ४,०९६ बाइटचे पाडले तर १२ मावतात, म्हणजे ४९,१५२ बाइट मिळतात. जमीन तीच, उत्पन्न जवळजवळ दुप्पट. म्हणून ४,०९६ हेच माप घेण्याची रीत आहे. त्या मापाने मॉडेल ३ च्या डिस्कवर ६,०१,०२० ब्लॉक होतात आणि सुमारे २४६ कोटी बाइट जागा मिळते. मघाचा २८३ कोटींचा आकडा कुठे कमी झाला, ते वाचकांच्या लक्षात आले असेलच.

याच पायरीवर आराखड्याचाही प्रश्न येतो. सीडीएल नावाचा आराखडा घेतला तर डिस्कच्या सुरुवातीला मेनफ्रेमच्या जुन्या प्रणालींना वाचता येईल अशी पाटी लागते. शेजाऱ्याला कळते की ही जागा रिकामी नाही, तिला मालक आहे. एलडीएल हा दुसरा आराखडा साधा आहे, पण त्यात एकच हिस्सा मिळतो. सर्वसाधारण कामासाठी सीडीएल घ्यावा.

चौथी पायरी : पोटहिस्से. डिस्कचे भाग पाडण्याला पार्टिशन करणे म्हणतात. घरच्या संगणकावर त्यासाठी एफडिस्क वापरतात, येथे एफडास्ड. सीडीएल आराखड्यात जास्तीत जास्त तीन हिस्से पाडता येतात. सबंध डिस्कचा एकच हिस्सा हवा असेल तर एफडास्डला तसे सांगता येते. हिस्सा पाडला की डास्डा१, डास्डा२ अशी नावे मिळतात. यापेक्षा मोठी जागा हवी असल्यास अनेक डिस्कांचे हिस्से एकत्र करून एक सामाईक साठा तयार करतात. त्याला एलव्हीएम म्हणतात.

पाचवी पायरी : वहीची आखणी. हिस्सा मिळाला तरी तो कोरा कागद असतो. त्यावर फाइल सिस्टिम उभारावी लागते. उदाहरणार्थ ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस. कोऱ्या लेजरला पाननंबर घालून पुढे अनुक्रमणिका लावावी, तसे हे काम आहे. ही आखणी नसेल तर लिहिलेली गोष्ट पुन्हा सापडणार नाही.

सहावी पायरी : दप्तरी नोंद. कोणता हिस्सा कोणत्या जागी जोडावयाचा हे एफएसटॅब नावाच्या फाइलीत लिहितात. त्यानंतर झिपल ही आज्ञा देतात. लिनक्सचा गाभा डिस्कवर नेमका कोठे आहे, याची खूण झिपल डिस्कच्या आरंभी लिहून ठेवते. पुढच्या वेळी कार्डांच्या गठ्ठ्याची गरज नाही. '०२०० वरून सुरू हो' एवढे सांगितले की लिनक्स आपल्या घरातून उठते.

रेड हॅट, सुसे किंवा डेबियन यांच्या बसवणीच्या प्रोग्रॅममध्ये यांपैकी बहुतेक कामे पडद्यावरील यादीतून निवडून करता येतात. आज्ञा टाइप कराव्याच लागतात असे नाही. परंतु पडद्यामागे होते ते हेच आणि याच क्रमाने. ज्याला क्रम ठाऊक आहे त्याला अडचण आली तर कोठे पाहावयाचे ते कळते.

दुसऱ्या जातीची डिस्क

मेनफ्रेमला डास्डीखेरीज स्कझी जातीची डिस्कही फायबर चॅनलने जोडता येते. तिला सिलिंडर-ट्रॅकचा हिशेब लागत नाही आणि डास्ड-एफएमटीही लागत नाही. मात्र तिचा पत्ता लांबलचक असतो. प्रथम मेनफ्रेममधील जोडणीचा नंबर, मग साठवण कपाटाच्या दाराचा १६ स्थानांचा नंबर आणि मग त्या कपाटातील जागेचा १६ स्थानांचा नंबर. तिन्ही मिळून एक डिस्क. जिल्हा, तालुका आणि घर क्रमांक यांपैकी एक चुकला तर टपाल पोहोचत नाही, तसे. एक तार तुटली तरी काम थांबू नये म्हणून त्याच डिस्ककडे जाणारे निदान दोन मार्ग ठेवतात. डोंगराकडच्या गावाला पावसाळ्यात दोन वाटा असाव्यात, याचे महत्त्व आपल्याला सांगावयास नको.

कोठे जपावे?

वरील सहा पायऱ्यांपैकी काही अशा आहेत की त्या चुकल्या तर पुन्हा करता येतात. तिसरी मात्र तशी नाही. डास्ड-एफएमटी चालवली की डिस्कवर जे काही होते ते संपले. आज्ञा दिल्यावर पडद्यावर ताकीद येते आणि 'येस' हा पूर्ण शब्द टाइप केल्याखेरीज काम सुरू होत नाही. एका 'येस'च्या आधीचा तो क्षणभर हा या साऱ्या कामाचा कणा होय. नंबरात २ च्या जागी ३ पडला आणि ती डिस्क शेजाऱ्याची असली, तर जाईल ती कुणाची तरी ठेव, कुणाचे तरी पेन्शन, कुणाच्या तरी शिष्यवृत्तीची नोंद. प्रत राखून ठेवलेली असली तर परत मिळेल, पण तोवर माणूस खिडकीपुढे ताटकळत उभा राहील.

बँकेत एक जुनी शिस्त आहे. नोंद एकाने करावयाची आणि तपासून मान्य दुसऱ्याने करावयाची. तिजोरीलाही किल्ल्या दोन असतात आणि त्या दोघांकडे असतात. यात कुणावर अविश्वास नसतो. एकट्या माणसाच्या डोळ्याला थकवा येतो, हे त्यात मान्य केलेले असते. डिस्कच्या बाबतीतही हीच रीत ठेवावी. प्रशासकाने दिलेला लेखी नंबर एकाने मोठ्याने वाचावा, एलएस-डास्डच्या तक्त्यातील नंबर व नाव दुसऱ्याने पाहावे, आणि मगच 'येस' लिहावे.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिली, डास्डा, डास्डबी ही नावे डिस्क ज्या क्रमाने ताब्यात येतील त्या क्रमाने मिळतात. आज जी डास्डबी आहे ती उद्या डास्डसी होऊ शकते. म्हणून दप्तरी नोंद करताना या नावावर विसंबू नये. नंबरावरून तयार झालेले कायमचे नाव किंवा फाइल सिस्टिमची स्वतःची ओळख लिहावी. वर्गात मुलांना रांगेतील जागेवरून न ओळखता हजेरीपटावरून ओळखावे, तसे. दुसरी, एकच डिस्क दोन पाहुण्यांना लिहिण्याच्या हक्काने देऊ नये. दोन कारकून एकमेकांच्या नकळत एकाच लेजरच्या एकाच पानावर लिहू लागले तर ताळेबंद जुळणार कसा? तिसरी, लिनक्सची मूळ जागा पुरेनाशी झाली म्हणून तिच्या एलव्हीएम साठ्यात नवी डिस्क घातली, तर ती डिस्क सुरुवातीलाच ताब्यात घ्यावयाची आहे ही नोंद आरंभीच्या सामग्रीतही करून झिपल पुन्हा चालवावी. हे राहिले तर सगळे सुरळीत चालू असल्यासारखे वाटते. कळते ते यंत्र पुढच्या वेळी सुरू करताना, म्हणजे बहुधा नको त्या वेळी.

विद्यार्थ्यांसाठी

हे सर्व वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, मेनफ्रेम आम्हांला पाहावयास तरी कुठे मिळणार? प्रश्न रास्त आहे. मेनफ्रेम मुरबाडला नाही, शहापूरला नाही आणि कल्याणच्या महाविद्यालयातही सहसा मिळणार नाही. परंतु त्याला वाट आहे. १९९९ साली रॉजर बाउलर यांनी 'हर्क्युलिस' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो साध्या संगणकाला मेनफ्रेमचे सोंग घ्यावयास लावतो. तो विनामूल्य आहे आणि त्याचीही संहिता खुली आहे. आयबीएमच्या स्वतःच्या प्रणालींना परवाना लागतो, पण डेबियन लिनक्सला तो लागत नाही. डेबियनच्या मेनफ्रेमसाठी असलेल्या आवृत्तीचे नाव एस-३९०-एक्स.

हर्क्युलिसबरोबर डास्ड-इनिट नावाची एक आज्ञा येते. ती दिली की आपल्या संगणकावर एक साधी फाइल तयार होते, आणि ती फाइल स्वतःला ३३९० डिस्क म्हणवून घेते. तिला ०१२० असा नंबर द्यावा, डेबियन बसवावे आणि वरील सहाही पायऱ्या स्वतःच्या हाताने कराव्यात. सोंगाचा मेनफ्रेम सावकाश चालतो, धीर धरावा लागतो. पण येथे फॉरमॅट चुकला तर कुणाचीही ठेव जात नाही, एक फाइल जाते. ती पुसून नवी करावी. एकदा ५१२ च्या मापाने आणि एकदा ४,०९६ च्या मापाने फॉरमॅट करून एलएस-डास्डमधील जागा ताडून पाहावी. आम्ही बांधाचे जे गणित सांगितले ते आकड्यांनिशी समोर येईल. दोघादोघांनी बसून, एकाने नंबर वाचावा आणि दुसऱ्याने तपासावा, असा सराव केला तर फारच उत्तम.

या विद्येला अमुक शाखेचीच पदवी हवी असे नाही. इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचण्याची तयारी हवी, वहीत टिपणे काढण्याची सवय हवी आणि नंबर दोनदा तपासण्याचा कंटाळा नको. मेनफ्रेमवर काम केलेली पहिली पिढी आता निवृत्त होत आहे आणि तिच्या जागी शिकलेली माणसे लागतात. आपल्या गावाने २०१६ साली कार्ड घासावयास शिकून घेतले. त्या कार्डाची नोंद ज्या डिस्कवर उतरते ती सांभाळणाऱ्यांत आपल्या मुला-मुलींचीही नावे असावीत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही रजा घेतो.